तुझ्या नावाचं स्टिकर

मझुझु, १२ जून

मदालो,

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला लिकोंग्वे सरांनी तो काविळीच्या बाळांचा दिवा वर्कशॉपच्या टेबलावर उपडा केला, मागचं स्टिकर नखानं टोकरलं आणि विचारलं, "म. का. म्हणजे मदालो कान्येंडा ना? ह्या ट्यूबा तू बसवल्यास?" तू म्हणालीस, "स्टिकर माझं आहे, सर. काम खुंबोनं केलंय."

ते वाक्य व्हायच्या आधी मी बायोमेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि तुझा होतो. ते झाल्यावर मी मझुझूच्या बाजारात मामाच्या टपरीवर लोकांचे फुटके मोबाईल उघडून बसलोय. मध्ये दुसरं काही घडलेलं नाही. कुणी विचारलं तर एवढंच सांग.

माझा नंबर तू बंद केलास, म्हणून कागद. दक्षिणेला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देतोय, तो तुमच्या हॉस्टेलच्या गेटवर टाकील. फाडायचं तर वाचून फाड.

तू तेव्हा खाली बघितलं असतंस तरी मी सोडून दिलं असतं. अडखळली असतीस, रडली असतीस, तरी चाललं असतं. तू माझ्याकडे सरळ बघितलंस आणि मीटरवरचा आकडा वाचावा तसं माझं नाव वाचलंस. नऊ जण उभे होते. आपल्या वर्गातला तो दात काढणारा चिकोंडीसुद्धा.

कॉलेजचा नियम तुला मी सांगायला नको. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्रामागे दुरुस्त करणाऱ्याच्या नावाचं स्टिकर. बारा स्टिकरं झाली की स्कॉटलंडच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, अकरा असतील तर नाही. मार्चमध्ये तुझे वडील गेले. तू तीन आठवडे गावाला होतीस. तुझी झाली होती आठ. उरलेली चार आभाळातून पडली का? तू म्हणालीस, खुंबो, माझं काहीतरी कर, आणि मी केलं. माझ्या हातची चार कामं तुझ्या नावावर चिकटवली. त्यातल्या एकात गडबड निघाली, तर तुला एकदम सत्य आठवलं. बाकीच्या तीन वेळेला कुठे गेलं होतं ते?

आणि गडबड तरी काय झाली? खऱ्या ट्यूबा परदेशातून यायला सहा महिने लागतात. मी बाजारातून निळ्या आणल्या. वॉर्डच्या सिस्टरनं बघितलं, निळं दिसलं, सही केली. इथे तपासणी म्हणजे एवढीच असते हे तुलाही माहीत आहे आणि सरांनाही. दिवा वापरात आला जूनमध्ये, आणि दोन दिवसांनी एका बाळाची कावीळ उतरायच्या ऐवजी चढली, रक्त बदलावं लागलं. बाळ वाचलं. मग एवढा तमाशा कशाला?

मला काढून टाकलं. इथे मी सगळ्यांना तेच सांगतो. मामा म्हणाला, "दिवा बदलला म्हणून कॉलेजातून काढतात? मग वीज मंडळात एक माणूस उरायचा नाही." मामी हसली. मी पण हसलो. तू मला ह्या माणसांत आणून बसवलंस.

आता नीट वाच. तुझी चार स्टिकरं. एक त्या दिव्यावर. एक सक्शन पंपावर, तो ठणठणीत आहे. उरलेली दोन आणखी दोन दिव्यांवर आहेत. त्याच दुकानातल्या, त्याच ट्यूबा. कुठल्या दवाखान्यात ते कॉलेजच्या यादीत नसतं, फक्त मला माहीत आहे. सरांनी मला विचारलं होतं, असे आणखी किती आहेत? मी म्हटलं, हा एकच. तेव्हा मी तुला वाचवत होतो. अजून वाचवतोय की नाही, ते माझं मला ठरवू दे. मी एक फोन केला तर तुझं स्कॉटलंड संपलं. हे डोक्यात ठेवून झोप.

खुंबो


मझुझु, २४ जून

मदालो,

अकरा दिवसांनी पाकीट आलं. केवढा तरी कागद, आणि त्यावर एक शब्द. "कुठे?"

मी तो मागून पुढून बघितला. मामा म्हणाला, "काय रे, बाई कंजूष दिसते." मी त्याला म्हटलं, तुझं काम कर. टपरी त्याची, टेबल त्याचं, आणि मी त्याला हे सांगतोय.

कसा आहेस, नाही. जेवतोस का, नाही. मला सोडून सगळं विचारलंस, तेही एका शब्दात. तर माझंही ऐक. इथे ये. बसनं ये, माझ्यासमोर बस, माझ्याकडे बघ, जसं त्या मंगळवारी बघितलं होतंस. मग सांगतो. नाही आलीस तर नाही सांगत. याला जे म्हणायचं ते म्हण.

तुला पहिल्या वर्षाचं आठवतं का? ऑक्सिजनचं ते मरतुकडं यंत्र आपल्या दोघांना दिलं होतं आणि मी मागचं झाकण उघडल्यावर आतून झुरळांचं अख्खं खानदान बाहेर आलं. बाकीच्या मुली स्टुलांवर चढल्या. तू टॉर्च धरून तशीच उभी राहिलीस आणि म्हणालीस, "यांना पण श्वास घ्यायला त्रास होत असेल." त्या दिवशी माझं जे व्हायचं ते झालं. नंतर गेटवरच्या बाईकडचे तळलेले मंदासी खाल्ले, तेलानं माझी वही भिजली, ती वही मी अजून ठेवलीय. फेकून देणार आहे.

दोन वर्षं मी तुझ्या मागे पकड आणि पेचकस घेऊन फिरलो. तू डोकं, मी हात, असं सगळे म्हणायचे. तुला गोड वाटायचं. मलाही वाटायचं, तेव्हा कळलं नव्हतं की एक दिवस डोकं म्हणेल, चूक हातांची आहे.

आणि हो, ट्यूबा कुठून आणल्या ते सरांना तू सांगितलंस, तेही कळलं. चिकोंडीनं मुद्दाम फोन करून सांगितलं. बार सजवायचं सामान विकणाऱ्या दुकानातून. सांगून टाक सगळ्यांना. तो दुकानदार मला विचारत होता, कुठल्या गावात दारूचं बॉटल स्टोअर काढताय, साहेब? मी म्हटलं, तान्ह्या बाळांसाठी आहे. तो म्हणाला, लवकर सुरुवात करतात हल्ली. मी तुला फोनवर हे सांगितलं तेव्हा तू हसली होतीस. वडलांना जाऊन आठवडा झाला होता, पहिल्यांदाच हसलीस. त्या हसण्यापायी मी आणखी चार ट्यूबा घेतल्या असत्या. घेतल्याच.

हसून झाल्यावर तू काय म्हणालीस ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर तुझ्यापाशी ठेव.

पुढचे दोन रविवार मी बस स्टँडवर असेन. दुपारी बारा ते तीन.

खुंबो


मझुझु, ८ जुलै

मदालो,

नाही आलीस. दोन्ही रविवार पाऊस म्हणावा की धुकं म्हणावं अशी ती जूनजुलैची ओली थंडी अंगावर घेत मी केळी विकणाऱ्यांच्या रांगेत उभा होतो. दुसऱ्या रविवारी केळीवालीनं मला तिचं पोरगं सांभाळायला दिलं. म्हणाली, तसाही नुसता उभा आहेस.

आणि काल तुझं दुसरं पत्र. ह्या वेळी सहा ओळी. उदार झालीस.

तू सरांकडे स्वतःहून गेलीस. चारही स्टिकरं माझी नाहीत म्हणून लिहून दिलंस. अर्ज मागे घेतलास. स्कॉटलंडला आता तो चिकोंडी जाणार. सरांनी एकोणतीस दवाखान्यांना फोन केले, सगळीकडून एकच उत्तर आलं: आमचे दिवे लागतात, छान निळे आहेत. आणि शेवटची ओळ: "आता तुझ्याकडे मला घाबरवायला काही उरलेलं नाही. आता तरी सांग."

किती हुशार आहेस तू. माझ्या हातात एकच गोष्ट होती, तीही काढून घेतलीस, आणि वर स्वतःचं नुकसान करून घेऊन. म्हणजे आता मी वाईटही ठरलो आणि फुकटही मेलो. मी पत्र चुरगळून फेकलं. मामानं उचललं, सरळ केलं, वाचलं. मला वाटलं टोमणा मारील. त्यानं ते घडी करून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं आणि मोबाईलच्या बॅटऱ्या लावायला लागला. तासाभरानं म्हणाला, "तुला काढलं नव्हतं ना?"

नव्हतं काढलं. तुला माहीतच आहे. सर म्हणत होते, बस, खुंबो, आधी यादी करू. मीच दार आपटून निघालो. काच तडकली त्याचा आवाज जिन्यापर्यंत आला. मला त्या आवाजानं बरं वाटलं होतं.

आता बोलायला बसलोच आहे तर ऐक. काहीतरी कर असं तू मला कधीच म्हणाली नव्हतीस. मीच केलं. परत आल्यावर तू स्टिकरांची यादी बघितलीस आणि म्हणालीस, "हे नको होतं." मी म्हटलं, आता झालंय, बोलू नकोस. तू बोलली नाहीस. तेवढा गुन्हा तुझाही आहे, तो मी सोडणार नाही.

आणि फोनवर हसून झाल्यावर तू म्हणाली होतीस, "मीटर लावून बघ हं, खुंबो. डोळ्याला सगळंच निळं दिसतं." उजेड मोजायचं मीटर सरांच्या कपाटात होतं. किल्ली मागायची म्हणजे सर विचारणार, कशासाठी, कान्येंडा तर गावाला गेलीय. म्हणून नाही मागितली. दिव्याचा उजेड बाळाच्या अंगातला पिवळेपणा फोडतो, पण निळ्यातला एक ठरावीक निळाच फोडतो, बाकीचा निळा नुसता बारमधल्या नाचासाठी असतो, हे मी परीक्षेत लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. तू शेजारी बसली होतीस.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, बाळ वाचलं. वाचलं. दार आपटून मी जिना उतरलो तेव्हा वॉर्डावरून गेलो. त्याची आजी त्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि ते मांडीवर मावत नव्हतं. मान मागे, पाठ मागे, धनुष्यासारखं, कावीळ मेंदूत चढली की होतं तसं. ती परत परत त्याला सरळ करत होती. तिला वाटत होतं ते हट्ट करतंय.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगायचं नव्हतं.

तरी जागा सांगत नाही. का सांगू? सांगितलं की तू म्हणणार, आभार, आणि मग तुझं एकही पत्र येणार नाही. ते दिवे चालत असतील. सगळ्या ट्यूबा वाईट असतात असं नाही. मी उद्या जाऊन बघतो आणि मग तुला लिहितो, बघ, विनाकारण माझा गळा धरलास. मला ते लिहायचंय.

खुंबो


सरोवराकाठचा मिशन दवाखाना, ११ जुलै, सकाळ

मदालो,

जागा ही. आता तुला पत्ता कळलाच आहे, कारण तू बसमध्ये आहेस.

परवा दुपारी इथे पोचलो. सिस्टर म्हांगो म्हणजे माझ्या आईची मैत्रीण, मार्चमध्ये सुट्टीला येताना मी हिचेच दोन दिवे दुरुस्त केले होते. मला बघून म्हणाली, "न्यासुलूंचा पोरगा ना? एक फँटा पिऊन गेलास, आता दुसरा हवाय वाटतं." मी म्हटलं, दिवे बघायचेत. "बघायचंय काय त्यात? तुमच्या सरांचा पण फोन आला होता. सांगितलं त्यांना, उत्तम चाललेत. मागे स्टिकर आहे का विचारत होते. दिवा भिंतीला टेकलेला, मागे कोण वाकून बघतो?"

बाळांची खोली छोटी आहे. दाराशी पाटी: दार लावा, पोरांना गारठा लागतो. सरोवरावरून म्वेरा म्हणतात तो गार वारा सुटलाय, तो फटीतून सुरीसारखा आत येतो. एका दिव्याखाली एस्नात नावाच्या बाईचं बाळ होतं, दुसऱ्याखाली जुळ्यांतलं एक, कालच पिवळं दिसायला लागलेलं. एस्नात तुझ्या माझ्याच वयाची असेल. म्हणाली, आज चौथा दिवस. इथे बसलं की सरोवराच्या पोटात बसल्यासारखं वाटतं, भाऊ, इतका छान उजेड आहे.

मी बाळाचा पाय हातात घेतला. तळव्यावर अंगठा दाबून सोडला. ठसा पिवळा उठला. कावीळ तळव्यापर्यंत पोचली होती, मदालो. हे वाचायला मीटर लागत नाही. आणि ते दूध ओढत नव्हतं. मान अजून सैल होती. मी दहा वेळा तपासली ती मान. सैल होती.

तुला लिहायचं होतं ते वाक्य तिथेच संपलं.

मी दोन्ही दिवे बंद केले. खोलीत एकदम साधा दिवस आला. एस्नात उभी राहिली. सिस्टर धावत आली. "वेडा झालास का? आयांचा उजेड काढून घेतोस? दोन दिवे आहेत माझ्याकडे, दोन, आणि तू ते बंद करतोस?"

मी म्हटलं, "उजेड खोटा आहे, सिस्टर. मी बसवलाय. मला माहीत होतं की तपासायला हवा, आणि मी तपासला नाही. हिच्या बाळाला आत्ताच्या आत्ता मझुझूला पाठवा, रक्त बदलावं लागेल."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. रागावून नव्हे, आईनं मारावी तशी, मोजून एक. मग गाडीसाठी ओरडत गेली. एस्नात बाळाला चितेंजेच्या कापडात गुंडाळताना म्हणाली, "मग चार दिवस मी कशाच्या खाली ठेवलं होतं त्याला?" आपल्या तीन वर्षांच्या अभ्यासात तो प्रश्न नव्हता.

गाडी गेल्यावर सिस्टरच्या फोनवरून सरांना फोन लावला. मला वाटलं होतं विचारतील, कुठे मेला होतास. त्यांनी विचारलं, बाळ किती दिवसांचं? मग विचारलं, दुसरं कुठे ठेवलंय? म्हटलं, काचेच्या खिडकीपाशी, आईच्या छातीवर, ऊन आहे तोवर उन्हात. म्हणाले, बरोबर. खऱ्या ट्यूबांच्या दोन जोड्या मागच्या आठवड्यात आल्यात, मीटरसकट पाठवतो. कान्येंडा घेऊन येईल. ती इथेच उभी आहे, तीच म्हणतेय जाते म्हणून. तू तिथे थांब, तिला बसवायला हात लागेल.

बघ. महिनाभर मी तुला ये ये म्हणून धमकावलं, तर आली नाहीस. आता येतेस. चौदा तासांच्या प्रवासाला निघालीस, मांडीवर ट्यूबा धरून. त्या फुटू नयेत म्हणून खड्ड्याखड्ड्याला श्वास रोखत असशील, मला दिसतं. पण माझ्यासाठी येत नाहीस. हे मला इतकं स्वच्छ कळलं की राग यायला सुद्धा वेळ लागला. आला, पण नंतर.

काल मी दिवे धुतले, होल्डर घासले, एक वायर जळकी होती ती बदलली. तुला फक्त ट्यूबा खोचायच्या आहेत. तुझी दोन्ही स्टिकरं ब्लेडनं खरवडून काढलीत. हे उपकार म्हणून केलेलं नाही, तसं मानू नकोस. त्या जागी मार्करनं माझं पूर्ण नाव लिहिलंय आणि मार्चची तारीख. तू लिहून दिलंस म्हणून ते माझं होत नाही, मी लिहिलं म्हणून झालं. सरांनी यादी मागितली होती, ती खाली आहे: इथले दोन, आणखी कुठेही नाही. ह्या वेळी खरं आहे. तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून सिस्टरसमोर सही केलीय.

एस्नातचं बाळ पोचलं असा फोन आला. रक्त बदललं. पुढचं कुणालाच माहीत नाही. मी मझुझूला जाऊन त्याच्या खाटेपाशी बसणार आहे. तिनं हाकललं तर बाहेर बसेन.

तुला माफ केलेलं नाही. तू माझ्याकडे बघून ते वाक्य बोललीस ते खरं होतं, आणि म्हणूनच मी ते विसरणार नाही. खोटं असतं तर केव्हाच भांडून संपवलं असतं. पत्र लिहू नकोस. मी पण लिहिणार नाही. काचेचे पैसे सरांना मी पाठवीन, तू मध्ये पडू नकोस.

खिडकीतून रस्त्याचं वळण दिसतं. धूळ उठलीय, बसच असणार. खिडकीपाशी जुळ्यांची आई झोपलीय, बाळ तिच्या छातीवर, दोघांच्या अंगावर ऊन आहे. आवाज करू नकोस आत येताना. मीटर आधी लाव, बाळ मग.

दार फुगलंय, नुसतं ढकलून लागत नाही. खालून जरा उचलून ओढायचं, मग न वाजता बसतं. हा कागद मी दिव्याच्या टपावर ठेवतो, बॅग घेतो, मागच्या बाजूनं निघतो. वारा आत यायच्या आत, उचलून, हळूच, मी दार लावून घेतो.

खुंबो न्यासुलू